उजवा हात

मार्चमध्ये कोल्हापूरला गेले तेव्हा आईनं एक काम माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. देवघरातला मुरलीधर भंगला होता. संगमरवराचा, वीतभर उंच, आजीबरोबर तिच्या माहेराहून आलेला. सकाळी देवांना आंघोळ घालताना ओल्या हातातून निसटला, ताम्हनाच्या काठावर आदळला आणि उजवा हात दंडापासून तुटला. हे सांगताना आई माझ्याकडे बघत नव्हती. गुडघ्यांमुळे तिला हल्ली घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून तीन आठवडे मूर्ती लाल फडक्यात गुंडाळून पाटाखाली ठेवलेली. "भंगलेला देव घरात ठेवू नये गं. नदीवर सोडून ये. आणि हात विसरू नकोस, तो वेगळा बांधलाय," म्हणाली. तिनं फडक्यावर हळदकुंकू वाहिलं, तुळशीचं पान ठेवलं, आणि वर्तमानपत्राची एक छोटी पुडी माझ्या हातात दिली. पुडी मी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली.

पंचगंगेच्या घाटावर संध्याकाळी पोचले. पाणी बरंच खाली गेलेलं, पायऱ्यांवर शेवाळ्याचे वाळलेले पट्टे, कुणीतरी म्हैस धूत होतं. पिंपळाच्या पारावर नेहमीसारखे देव ठेवलेले होते: काच तडकलेल्या तसबिरी, सोंड नसलेला गणपती, चेहरा झिजून सपाट झालेली अन्नपूर्णा, एका फ्रेममध्ये तर फक्त पुठ्ठा उरलेला. मी मुरलीधराला मुळांच्या बेचक्यात टेकवून ठेवलं. फडकं सोडलं तेव्हा त्याचा डावा हात ओठांपाशी गेलेला, मान किंचित कललेली, आणि उजवीकडे दंडानंतर काहीच नाही. तो रिकाम्या जागेकडे कान लावून उभा आहे असं वाटलं. नमस्कार केला आणि मागे न बघता पायऱ्या चढले, कारण मागे बघू नये असंही आईनं सांगितलं होतं.

पुण्याला परतल्यावर आठ दिवसांनी बसमध्ये सुटे पैसे शोधताना बोटांना कागदाची पुडी लागली. उघडली तर आत हात. माझ्या करंगळीएवढा, कोपरात वाकलेला, मूठ बासरीसाठी पोकळ ठेवलेली. बाहेरून तो तीन पिढ्यांच्या पाण्यानं आणि गंधानं जुन्या हस्तिदंतासारखा पिवळसर झालेला, आणि तुटलेली बाजू मात्र खडीसाखरेच्या खड्यासारखी पांढरी, कणाकणांनी चमकणारी. म्हणजे हा दगड आत इतका कोवळा होता. शंभर वर्षं तो रोज हाताळला जात होता आणि त्याचं पोट आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं.

त्या रात्री मला रोममधला एक हात आठवत राहिला.

चार वर्षांपूर्वी आम्ही तिथे गेलो होतो. व्हॅटिकनच्या संग्रहालयात गर्दी आपल्याला पुढे ढकलत नेते, आपण चालतो असं म्हणण्यात अर्थ नसतो. गाइडांच्या छत्र्या, कानातली यंत्रं, दमलेली मुलं. त्या रेट्यातून बेल्व्हेडेरच्या अष्टकोनी चौकात आल्यावर वर आकाश दिसतं आणि जरा श्वास घेता येतो. तिथेच एका कोनाड्यात लाओकून आहे. ट्रॉयच्या लोकांना लाकडी घोडा गावात घेऊ नका म्हणून बजावणारा पुजारी, त्याची दोन मुलं, आणि समुद्रातून आलेले दोन साप. छायाचित्रांत मी तो कितीदा तरी पाहिला होता. समोर उभं राहिल्यावर मात्र नजर त्याच्या चेहऱ्यावर थांबली नाही, पोटावर गेली. साप डाव्या कमरेला दंश करतोय आणि त्या जागेपासून दूर व्हायला शरीर आत ओढलं गेलंय. बरगड्या वर आल्यात, पोट खपाटीला गेलंय. ओरडायला लागणारा श्वास आत घेतलाय आणि अजून बाहेर पडलेला नाही. उजवा हात मागे वाकून डोक्याजवळ आलाय, सापाला धरून. खांद्याशी जोड आहे हे नीट पाहिलं की कळतं. मुलांचे उजवे हात तर अपुरेच आहेत, आणि ते तसेच ठेवलेत.

त्या जोडाची गोष्ट मला कॉलेजपासून माहीत होती, पण माहीत असणं आणि पर्समध्ये हात सापडणं यांत फरक आहे. म्हणून ती गोष्ट पुन्हा, माझ्या क्रमानं सांगते.

१४ जानेवारी १५०६. रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर फेलिचे दे फ्रेदिस नावाच्या माणसाच्या द्राक्षमळ्यात खणताना जमिनीखाली मूर्ती लागल्या. पोप ज्युलियस दुसरा याच्या कानावर बातमी गेली, त्यानं वास्तुविशारद जुलियानो दा सांगाल्लोला बघून यायला सांगितलं. जुलियानोच्या घरी तेव्हा मायकेलअँजेलोचं सतत येणंजाणं, वय तिशीचं. जुलियानो त्यालाही बरोबर घेऊन निघाला, आणि आपल्या लहान मुलाला, फ्रांचेस्कोला, त्यानं खांद्यावर घेतलं. हा फ्रांचेस्को पुढे स्वतः शिल्पकार झाला आणि साठ वर्षांनी, १५६७ मध्ये, त्यानं एका पत्रात तो दिवस लिहून ठेवला. खड्ड्यात उतरल्याबरोबर वडील म्हणाले, हा तर प्लिनीनं, त्या प्राचीन रोमन लेखकानं, सांगितलेला लाओकून. मग मूर्ती बाहेर काढता यावी म्हणून खड्डा रुंद केला, आणि मोठी माणसं प्राचीन गोष्टींबद्दल बोलत राहिली. म्हाताऱ्या माणसाला सत्तरी ओलांडल्यावर आठवतं ते हे: वडिलांची पाठ, खड्डा, आणि वडिलांनी दगडाला ओळखून मारलेली हाक.

त्या ओळखण्यावर मी खूप वेळा विचार केलाय. जुलियानोनं ही मूर्ती कधी पाहिली नव्हती. त्याच्या बापजाद्यांनी पाहिली नव्हती. त्यानं ती फक्त वाचली होती. प्लिनीनं पहिल्या शतकात लिहून ठेवलं होतं की सम्राट टायटसच्या घरात लाओकूनचं शिल्प आहे, ऱ्होड्स बेटावरच्या तिघा शिल्पकारांनी, हागेसांद्रोस, पोलिदोरोस आणि अथेनोदोरोस यांनी केलेलं, आणि चित्र असो की शिल्प, त्याच्यापेक्षा श्रेष्ठ काही नाही. चौदाशे वर्षं ते वाक्य हस्तलिखितांतून उतरवलं जात होतं आणि वस्तू मातीखाली होती. आपल्याकडे पोथीतल्या वर्णनावरून एखादी मूर्ती ओळखणारे जुने पुजारी मी पाहिलेत, आयुधं कोणत्या हातात आहेत हे मोजून नाव सांगणारे. जुलियानोचं ओळखणं तशाच जातीचं होतं. दगडाआधी शब्द पोचला होता.

आणि लगेच शब्दाची चूकही सापडली. प्लिनी म्हणतो, हे सगळं एकाच दगडातून घडवलंय. मायकेलअँजेलो आणि क्रिस्तोफोरो रोमानो या दोघा शिल्पकारांनी नीट तपासलं तेव्हा त्यांना चारेक ठिकाणी सांधे दिसले, इतके बेमालूम की सहज कळू नयेत. ज्या लेखकाच्या भरवशावर मूर्ती ओळखली त्यालाच हातांनी चाचपून दुरुस्त केलं, आणि त्यामुळे मूर्तीबद्दलचा आदर तसूभरही कमी झाला नाही. रेनेसाँबद्दल, प्रबोधनकाळाबद्दल, शाळेत शिकलेल्या सगळ्या व्याख्यांपेक्षा मला हा प्रसंग अधिक सांगतो. जुन्याच्या पायाशी बसायचं, पण बोटं सांध्यावरून फिरवायची.

बापाचा उजवा हात मात्र नव्हता. खांद्यापासून गेलेला. पोपनं शिल्प विकत घेतलं, बेल्व्हेडेरच्या चौकात बसवलं. दे फ्रेदिसला रोमच्या एका वेशीवरच्या जकातीचं उत्पन्न लावून दिलं, आणि आराचेली चर्चमधल्या त्याच्या थडग्यावर पुढे लाओकून सापडल्याचा उल्लेखही कोरला गेला. पण हाताचं काय? काही वर्षांनी वास्तुविशारद ब्रामान्तेनं चार शिल्पकारांना मेणात पूर्ण प्रतिकृती करायला सांगितल्या. परीक्षक चित्रकार राफाएल. तरुण याकोपो सान्सोव्हिनोची प्रतिकृती त्याला सर्वांत चांगली वाटली आणि ती ब्राँझमध्ये ओतली गेली. मग १५३०च्या दशकात मोन्तोर्सोली यानं मूर्तीला खरोखरीचा हात बसवला, सरळ, वर आकाशाकडे ताणलेला. मोन्तोर्सोली मायकेलअँजेलोच्याच शिफारशीनं आलेला माणूस. खुद्द मायकेलअँजेलोचं मत मात्र हात मागे वाकलेला असावा असं होतं, असं सांगतात. पुढची चारशे वर्षं बहुतेक जगानं उंच हाताचाच लाओकून पाहिला. त्याच्यावर ग्रंथ लिहिले, त्याच्या प्रतिकृती केल्या, त्याच्यासमोर बसून पोरं चित्रं काढायला शिकली.

हात वर असला की तो लढणारा वीर होतो. हात वाकून डोक्यामागे गेला की सगळी ताकद पुन्हा शरीरातच परत येते, सुटायला वाट उरत नाही. एका कोपरानं अर्थ बदलतो.

आमच्या ड्रॉइंगच्या सरांकडे प्लास्टरचा एक पाय होता. घोट्यापासून खालचा, ग्रीक, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. सर मुंबईला जे. जे.मध्ये शिकले होते आणि येताना तो कुठूनतरी घेऊन आले होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट झालेल्या मोजक्या मुलामुलींना ते रविवारी घरी बोलवत. मंगळवार पेठेतलं त्यांचं माडीचं घर, खाली गुऱ्हाळाच्या गुळाचं गोदाम, त्यामुळे चारकोलच्या वासात नेहमी गुळाचा वास मिसळलेला. खिडकीचं एकच दार उघडं ठेवायचे, उजेड एका बाजूनं यावा म्हणून. "पाय काढू नका. पायावरचा उजेड काढा," हे त्यांचं एक वाक्य. मी तो पाय किमान पन्नास वेळा काढला असेल. करंगळीचं टोक उडालेलं होतं, तिथे प्लास्टरचा भुगा हाताला लागायचा. मी पहिल्यांदा ती करंगळी पूर्ण करून काढली तेव्हा सरांनी खोडरबर पुढे केलं नाही. म्हणाले, "राहू दे. पण इथं तुझी बोटं बोलतायत. बाकीच्या पायात बघून काढलंयस, इथं आठवून काढलंयस. फरक दिसतोय का बघ." दिसत होता. माझी करंगळी आमच्या घरच्या करंगळीसारखी झाली होती, अनवाणी चालून पसरलेली.

त्या पायाचा इतिहास मला फार उशिरा कळला. युरोपातल्या कलाशाळांत पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून चित्र काढायला शिकवण्याची जी रीत होती तिची मुळं थेट त्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटलीत जातात. तीच रीत १८५७ मध्ये मुंबईत निघालेल्या जे. जे. स्कूलमध्ये आली. त्याच शाळेत शिकलेल्या गणपतराव म्हात्र्यांनी १८९६च्या सुमारास अगदी तरुण वयात 'मंदिरपथगामिनी' घडवली. पूजेला निघालेली मराठी तरुणी. पण तिच्या लुगड्याच्या चुण्या बघताना डोळा कुठल्यातरी ग्रीक देवीकडे जाऊन परत येतो. मला ती चुणी फार आवडते. ती उसनी आहे हे दिसतं, आणि ती आपल्या बाईच्या अंगावर नीट बसलीय हेही दिसतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. मधल्या काळात मला त्या प्लास्टरच्या पायाचा रागही आला होता. आमच्या गावात महालक्ष्मीच्या देवळाच्या भिंतींवर इतक्या सुंदर नर्तकी असताना आम्ही कुणाचा पाय गिरवत बसलो, असा. तो राग पूर्ण गेला असं नाही म्हणणार.

त्यात पुन्हा तो पांढरा रंग. मुळात ग्रीक-रोमन पुतळे रंगवलेले असत. ओठ लाल, केस रंगीत, डोळ्यांना बुबुळं, वस्त्रांना काठ. मातीखाली शतकानुशतकं राहून रंग गेला आणि वर आलं ते उघडं संगमरवर. इटलीतल्या कलावंतांना वाटलं, प्राचीनांची शुद्धता ती हीच. त्यांनी आपले पुतळे पांढरे ठेवले, आणि मग तीच शुद्धता प्लास्टरच्या पायातून आमच्या माडीपर्यंत आली. आमच्या घरच्या मुरलीधराला मात्र मी कधी पांढरा पाहिलाच नव्हता. काजळानं रेखलेले डोळे, कपाळाला गंध, सणाला जरीचा अंगरखा. ग्रीक माणूस आमच्या देवघरात आला असता तर त्याला घरच्यासारखं वाटलं असतं, आणि मायकेलअँजेलो गोंधळला असता. एका गैरसमजातून त्याच्या 'डेव्हिड'च्या पुतळ्यासारखी गोष्ट निपजली. मूर्तीवरचा रंग टिकला असता तर ती तशी झाली नसती, असं मला मनापासून वाटतं.

हरवलेल्या गोष्टींनी त्या माणसांना फार शिकवलं. वास्तुविशारद ब्रुनेलेस्की आणि शिल्पकार दोनातेल्लो तरुणपणी रोमला जाऊन पडक्या भिंती मोजत, पाये उकरत फिरायचे, तेव्हा लोकांना वाटायचं हे गुप्तधन शोधतायत. तेच नाव त्यांना पडलं होतं. नीरोच्या गाडल्या गेलेल्या महालाच्या छताला भोक पाडून चित्रकार दिवट्या घेऊन आत उतरत, मातीनं जवळजवळ भरलेल्या दालनांत छताशी नाक लावून वेलबुट्टी उतरवून घेत आणि जाताना तिथे आपली नावं खरडून ठेवत. तिथलीच वेलबुट्टी पुढे राफाएल आणि जोव्हान्नी दा उदिने यांनी व्हॅटिकनच्या सज्ज्यांत फुलवली. पण त्याच रोममध्ये चुन्याच्या भट्ट्याही पेटलेल्या होत्या. संगमरवर भाजला की उत्तम चुना होतो. कोपर, गुडघे, देवांचे चेहरे भट्टीत जात आणि त्यांच्यावर नवी शहरं उभी राहत. १५१५ मध्ये पोप लिओ दहावा यानं राफाएलला सेंट पीटरच्या बांधकामासाठी रोममधले जुने दगड मिळवायचं काम दिलं, आणि त्याच हुकमात असंही होतं की अक्षरं कोरलेला दगड त्याच्या परवानगीशिवाय फोडायचा नाही. चारेक वर्षांनी राफाएलनं आपला लेखक मित्र कास्तिल्योने याच्या मदतीनं पोपसाठी एक पत्र तयार केलं, ज्यात त्यानं कळवळून लिहिलंय की आज दिसतं ते सारं नवं रोम प्राचीन संगमरवराच्या चुन्यानं बांधलंय. १५२० मध्ये, सदतीस वर्षांचा असताना, तो गेला. दगड गोळा करणारा आणि दगडांसाठी रडणारा एकच माणूस. मला त्यात खोटेपणा दिसत नाही. आमचा जुना वाडा पाडला तेव्हा तुळया विकायला मीच उभी होते आणि रात्री झोप मलाच लागली नव्हती.

मायकेलअँजेलोच्या बाबतीत तर तुटण्याचा धागा लहानपणापासून आहे. फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याच्या बागेत पोरवयात त्यानं फॉनच्या, म्हणजे रोमन वनदेवाच्या, जुन्या मुखवट्यावरून नवं डोकं कोरलं. घराण्याचा प्रमुख लोरेन्झो म्हणाला, म्हाताऱ्यांचे सगळे दात कधी शाबूत असतात का? पोरानं तो गेल्यावर एक दात उडवला. पुढे १४९६ मध्ये त्यानं झोपलेला क्युपिड, म्हणजे रोमन प्रेमदेव, केला, तो जमिनीत पुरून जुना दिसेल असा करून रोममध्ये कार्डिनल रियारिओला प्राचीन म्हणून विकला गेला. कार्डिनलला फसवणूक कळली, पण कोरणारा कोण हेही कळलं, आणि त्यानं त्याला रोमला बोलावून घेतलं. तिथे त्यानं बाकस केला, झोकांड्या खाणारा दारूचा देव. ती मूर्ती याकोपो गाल्लीच्या बागेत जुन्या तुकड्यांमध्ये ठेवलेली असताना डच चित्रकार हीम्सकर्कनं तिचं रेखाटन केलं, त्यात बाकसचा पेला धरलेला उजवा हातच नाही. ती प्राचीन वाटावी म्हणून हात मुद्दाम तोडला असावा, असं काही अभ्यासक मानतात. नंतर हात परत बसवला गेला. आता फ्लॉरेन्सला तो पेला उचलून उभा आहे.

बेल्व्हेडेरच्या चौकातून पुढे गेलं की आतल्या दालनात एक धड आहे. डोकं नाही, हात नाहीत, पाय गुडघ्यांपर्यंत. दगडाच्या बैठकीवर अथेन्सच्या अपोलोनिओसची सही. मायकेलअँजेलोला ते पुरं करायला सांगितलं आणि त्यानं नकार दिला, अशी कथा आहे. कथा खरी असो नसो, व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या, त्यानंच रंगवलेल्या, छतावर बसलेले ते विवस्त्र तरुण बघा: पाठ वळलेली, पोटाला पीळ, सगळं वजन एका नितंबावर. ते धड त्यानं मूर्तीवर पुरं केलं नाही, छतावर वीस वेळा पुरं केलं. आणि लाओकूनचा चेहरा राफाएलनं तीनचार वर्षांतच उचलला. व्हॅटिकनच्या भिंतीवर पर्वतावर कवी जमलेत, डावीकडे आंधळा होमर मान वर करून गातोय. तो चेहरा त्याच पुजाऱ्याचा. किंकाळीचं तोंड गाण्याचं झालंय. व्हेनिसचा चित्रकार तिशियन यानं ब्रेश्शाच्या चर्चसाठी कबरीतून वर जाणारा येशू रंगवला, त्याच्या शरीरालाही लाओकूनचाच पीळ आहे. वेदनेचा एक आकार जमिनीतून निघाला आणि ज्यानं त्यानं आपापल्या देवाला दिला.

खरा हात सापडला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. प्रागमध्ये जन्मलेला, रोममध्ये राहणारा लुडविग पोलाक हा पुरातत्त्वज्ञ आणि कलावस्तूंचा व्यापारी. मूर्ती जिथे सापडली त्याच बाजूला एका पाथरवटाच्या अंगणात त्याला संगमरवरी दंड आणि कोपर दिसलं, वाकलेलं, सापाच्या वेटोळ्यासकट. आयुष्यभर जुन्या दगडांवरून हात फिरवलेला माणूस, त्याला कळलं. त्यानं तो व्हॅटिकनला दिला. पण हात लगेच जोडला गेला नाही. चारशे वर्षांच्या सवयीला तो पटकन पटला नसावा. अखेर १९५०च्या दशकाच्या शेवटी फिलिप्पो माजी यांच्या देखरेखीखाली जुने जोडलेले भाग काढले आणि पोलाकचा हात खांद्याला लागला. पोलाक तोवर नव्हता. तो यहुदी होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये रोममधून त्याला कुटुंबासकट आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत नेलं, आणि तिथून कुणी परत आलं नाही.

चौकात उभी असताना मला हे माहीत होतं, तरी त्या हाताचा फोटो काढून मी पुढे गेले होते.

या सगळ्याचा आणि आमच्या घाटाचा संबंध माझ्या मनातच होता, असं मी समजत होते. पण घाटाला लागूनच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४०च्या दशकात तिथे उत्खनन झालं, आणि सातवाहनकाळातल्या एका घराजवळ ब्राँझच्या भांड्यांचा साठा मिळाला. त्यात रोमन बनावटीची भांडी होती आणि एक छोटी मूर्ती होती: पोसायडनची. समुद्राच्या ग्रीक देवाची. वीतभरही नसेल. आज ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे, लहानपणी सहलीत मी तिच्यासमोरून गेलेय. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात लाओकून ज्या देवापुढे बळी देत असतो तो नेपच्यून, म्हणजे हाच. ज्याच्या समुद्रातून साप आले तो देव पंचगंगेच्या काठी, समुद्रापासून घाट चढून, कुणाच्यातरी घरात येऊन राहिला होता. ज्यानं तो आणला त्यानं त्याची पूजा केली की नुसता शोभेला ठेवला, कोण जाणे. मी जिथे मुरलीधर ठेवला तिथून ती टेकडी दिसते.

आषाढात पुन्हा कोल्हापूरला गेले तेव्हा पहिल्यांदा घाटावर गेले. नदी पायऱ्यांवर चढलेली, पाण्याला गढूळ लाल रंग, पाराचा खालचा कठडा बुडालेला. मुळांच्या बेचक्यात काही नव्हतं. नदीनं नेला, की पालिकेच्या माणसांनी उचलला, की कुणी घरी नेला? तिसरी शक्यता मनात आली तेव्हा छातीत काहीतरी हललं. कुणाच्यातरी फळीवर तो उभा असेल, आणि कुणीतरी त्याला नवा हात लावायचा विचार करत असेल.

येताना कुंभारगल्लीतून गेले. गणपतीचे दिवस जवळ आलेले, दारोदार शाडूच्या मूर्ती सुकत होत्या, अजून रंग न लागलेल्या, राखाडी. अर्धा किलो शाडू मागितला तर त्या बाईंनी पैसे घेतले नाहीत. घरी माजघरात कागद पसरून बसले. मला मुरलीधर करायचा नव्हता, तेवढं येत नाही. फक्त खांदा आणि थोडी छाती, हाताला टेकायला जागा होईल एवढीच. देवघराच्या जुन्या फोटोत बघितलं, तर प्रत्येक फोटोत उजवा हात हारानं झाकलेला. मग आठवून केलं. हात मातीत रोवला, कोपर खाली झुकलेलं ठेवलं, मूठ छातीशी. संध्याकाळपर्यंत शाडू आकसला, दंडाभोवती केसभर फट पडली आणि हात हलायला लागला.

आई दुपारची झोप काढून बाहेर आली. मला वाटलं रागावेल. हात पर्समध्ये राहिला होता हे मी तिला सांगितलंच नव्हतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग भिंतीला धरून खाली बसली, पदराला हात पुसले, आणि एका बोटानं कोपराला खालून स्पर्श केला.

"एवढं खाली नव्हतं," म्हणाली. "रोज अंगावरून पाणी घालायचे मी. पाणी कोपरावरून ओघळून बाहेर पडायचं, छातीवर यायचं नाही. वर घे."

मी शाडूवर पाणी शिंपडलं.